डॉप्लर : मांडलं ताऱ्यांसाठी, लागू पडलं उंदराला

बारावीच्या फिजिक्समध्ये एक हमखास येणारं गणित असायचं. इंजिन शिट्टी वाजवत प्लॅटफॉर्मकडे येतंय, इंजिनाचा वेग अमुक, आवाजाचा वेग तमुक, तर प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येणारी फ्रिक्वेन्सी काढा. आपण सगळ्यांनी ते घोकलं, प्लसचं चिन्ह वर येतं की खाली यावरून सीईटीच्या आदल्या रात्री भांडलो आणि ॲडमिशन झाल्यावर विसरून गेलो. आम्हा सिरोंच्याच्या पोरांना या गणितात आणखी एक अडचण असायची. सिरोंच्यात रेल्वेच नाही. आमच्यातल्या पुष्कळांनी इंजिनाची शिट्टी पहिल्यांदा ऐकली ती बल्लारशाला, नाहीतर नदीपलीकडच्या मंचिर्यालला.

गंमत म्हणजे ज्याच्या नावाने हा इफेक्ट ओळखला जातो त्या ख्रिस्तिअन डॉप्लरने समजावून सांगताना आधार घेतला होता तो पाण्याचा, लाटांचा आणि जहाजाचा. आगगाडी नंतर आली, तीही त्याला खोटं ठरवायला निघालेल्या माणसाने आणली. त्या तीन मार्कांच्या गणितामागे एक आख्खं आयुष्य आहे आणि ते वाचलं तर हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांना तो आपल्यातलाच वाटेल. नोकरी नाही म्हणून हिंडलेला, परीक्षांनी पिचलेला, आणि शेवटी ज्याच्यासाठी सगळं मांडलं तेच चुकीचं निघालेला.

डॉप्लरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ चा, ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा. मोझार्टचं गाव ते हेच, आणि मोझार्टचं कुटुंब राहायचं त्या घराच्या जवळच डॉप्लरांचं घर. घराणं पाथरवटांचं. सतराव्या शतकापासून दगड घडवायचा धंदा, त्यात चांगलं नाव आणि पैसाही. पोराने छिन्नी-हातोडा हातात घ्यायचा हे ठरलेलंच. पण ख्रिस्तिअनची तब्येत पहिल्यापासून नाजूक. दगडाची धूळ आणि अंगमेहनत त्याला झेपणार नाही हे घरच्यांनी ओळखलं. बापाने साल्झबर्गमधल्या गणिताच्या एका प्राध्यापकाला, सिमॉन स्टाम्फरला, पोराचं काय करावं म्हणून विचारलं. स्टाम्फरने त्याची हुशारी पाहून व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये पाठवायला सांगितलं. म्हणजे गडी निघाला आपल्याच लाइनचा.

१८२२ ते १८२५ तो व्हिएन्नात शिकला. मग साल्झबर्गला परत येऊन राहिलेलं शिक्षण, पुन्हा व्हिएन्ना, आणि १८२९ पासून चार वर्षं गणिताच्या प्राध्यापकाचा सहायक. ही नोकरी टेंपररी होती. १८३३ मध्ये मुदत संपली आणि तिशीतला हा माणूस रस्त्यावर आला. त्या काळी तिकडे कायम मास्तरकी मिळवायची तर त्या त्या जागेसाठी स्पर्धा परीक्षा द्यावी लागे, लेखी आणि तोंडीही. डॉप्लरने अशा परीक्षा एकामागून एक दिल्या. आपल्याकडची पोरं एमपीएससी आणि नेट-सेटच्या फेऱ्या मारतात तसंच. निकाल लागेपर्यंत पोट भरायला त्याने सुताच्या गिरणीत दीड वर्ष हिशेबनीसाचं काम केलं. शोधनिबंध लिहिणारा माणूस दिवसभर गाठोड्यांचे आकडे मांडत बसला.

१८३५ मध्ये त्याचा धीर सुटला. अमेरिकेला निघून जायचं ठरवून त्याने असलेलं किडुकमिडुक विकलं आणि म्युनिचला जाऊन अमेरिकन वकिलाचीही गाठ घेतली. आणि तेवढ्यात प्रागच्या एका तांत्रिक शाळेतून बोलावणं आलं! ते पत्र थोडं उशिरा आलं असतं तर कदाचित या इफेक्टला आज दुसऱ्या कुणाचं तरी नाव असतं. पुढच्याच वर्षी साल्झबर्गच्या एका सोनाराच्या मुलीशी, माटिल्डेशी, त्याचं लग्न झालं. पुढे पाच मुलं झाली. १८३७ पासून तो प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागला आणि १८४१ मध्ये तिथे पूर्ण प्राध्यापक झाला. विषय होता गणित आणि व्यवहारी भूमिती, म्हणजे आपल्या सर्व्हेइंगच्या जवळपासचा.

ही प्रागची वर्षं म्हणजे डॉप्लरच्या आयुष्यातली कामाची वर्षं आणि छळाचीही. वर्ग तुडुंब भरलेले, परीक्षा तोंडी आणि लेखी दोन्ही, आणि शेकडो पोरांच्या परीक्षा एकट्याने घ्यायच्या. पोरांचं म्हणणं, सर फार कडक आहेत, पास करत नाहीत. तक्रारी वर गेल्या, चौकशी झाली, सरांना समज मिळाली. (व्हायवाला बाहेरचा एक्स्टर्नल आला की आपली काय अवस्था होते ते आठवा. पण एक्स्टर्नलची काय होत असेल, हे डॉप्लर वाचल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं.) छाती आधीच कमकुवत, त्यात हा ताण. १८४४ च्या सुमारास त्याला आजारपणाची लांब रजा घ्यावी लागली.

पण त्याआधी, २५ मे १८४२ रोजी, त्याने प्रागच्या रॉयल बोहेमियन सोसायटीसमोर एक निबंध वाचला होता. ऐकायला मोजकीच माणसं होती. विषय : जोडताऱ्यांचा रंगीत प्रकाश.

आता हा निबंध समजून घ्यायला प्राणहितेच्या घाटावर या. सिरोंचा प्राणहितेच्या काठावर आहे. थोडं खाली गेलं की पलीकडे कालेश्वर, आणि तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. आता पूल झाले, पण आधी पलीकडे जायचं तर नावेनेच. समजा वारा सुटलाय आणि पाण्यावर एकसारख्या लाटा उठल्यात. नाव बांधून ठेवलेली असेल तर तिच्या नाकाडावर मिनिटाला समजा तीस लाटा आपटतात. आता नावाडी लाटांच्या अंगावर नाव घालू लागला. लाटा तेवढ्याच, पाणी तेच, वारा तोच. पण नाव पुढे होऊन लाटेला भेटते म्हणून मिनिटाला चाळीस आपटतात. परत फिरताना लाटा पाठीमागून येतात, नाव त्यांच्यापासून पळत असते, म्हणून वीसच. नावेत डोळे मिटून बसलेला माणूस नुसते धक्के मोजून सांगेल की नाव कुठल्या दिशेने चाललीय आणि केवढ्या जोरात. डॉप्लरची आख्खी कल्पना एवढीच. लाट पाण्याची असो, आवाजाची असो की उजेडाची, मोजणारा किंवा लाट सोडणारा हलला की मोजणी बदलते. त्याचं गणितही साधं, भागाकाराच्या चार ओळींचं.

त्याने हे लावलं ताऱ्यांना. आकाशात काही तारे जोडीने एकमेकांभोवती फिरतात आणि त्यातला एक तांबूस तर दुसरा निळसर दिसतो. डॉप्लरचं म्हणणं, तारे सगळे मुळात पांढरेच. आपल्याकडे येणारा निळा दिसतो, दूर जाणारा तांबडा. कल्पना देखणी होती आणि साफ चुकीची होती. डोळ्याला रंग बदललेला दिसायचा तर ताऱ्याला सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगाने धावावं लागेल. तारे तेवढे धावत नाहीत. शिवाय सगळा पट्टा सरकला तरी एका टोकाला अदृश्य किरण दिसू लागतात आणि दुसऱ्या टोकाला दिसणारे अदृश्य होतात, पांढरा तो पांढराच राहतो. ताऱ्याचा रंग ठरतो मुख्यतः त्याच्या तापमानावरून. म्हणजे तत्त्व बरोबर, वापर चूक. इंजिनीअरिंगला असतो तर स्टेप मार्किंगने पास झाला असता.

हॉलंडमधल्या बाइस बॅलट नावाच्या सत्तावीस वर्षांच्या पोराने हे वाचलं आणि त्याला ते पटेना. त्याने प्रयोग करायचं ठरवलं. उजेडावर प्रयोग शक्य नव्हता, म्हणून आवाजावर. माणसाला हाताशी असलेली सगळ्यात वेगवान वस्तू तेव्हा एकच होती, नवीकोरी आगगाडी. उट्रेक्ट ते ॲमस्टरडॅमच्या लोहमार्गावर त्याने १८४५ मध्ये एक इंजिन मिळवलं. गाडीवर तुतारीवाले बसवले, रुळाकडेला सुरांचे पक्के कान असलेले वादक उभे केले. फेब्रुवारीत पहिला प्रयत्न झाला तो थंडी आणि बर्फाच्या माऱ्याने बारगळला. जूनमध्ये पुन्हा केला. तुतारीवाल्यांनी एकच सूर धरला, इंजिन धडधडत गेलं, आणि उभ्या असलेल्यांना सूर येताना चढलेला आणि जाताना उतरलेला ऐकू आला, गणिताने सांगितला होता जवळजवळ तेवढाच. ज्याला खोडून काढायचं होतं तेच सिद्ध झालं. बाइस बॅलटने आवाजापुरतं मान्य केलं, ताऱ्यांच्या रंगाचं मात्र शेवटपर्यंत नाही, आणि ते त्याचं बरोबरच होतं. आपल्या बारावीच्या गणितातलं इंजिन हे असं आलं.

१८४७ मध्ये डॉप्लर प्राग सोडून शेम्नित्सला गेला. हे आताच्या स्लोव्हाकियातलं गाव आणि तिथली संस्था होती खाणी आणि जंगलांचं शिक्षण देणारी. खाण आणि जंगल, म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचीच जोडी! पण वर्षभरातच १८४८ चं बंड उसळलं आणि त्याने व्हिएन्ना गाठलं. १८५० च्या जानेवारीत बादशहाच्या हुकमाने तो व्हिएन्ना विद्यापीठातल्या नव्या भौतिकी संस्थेचा पहिला संचालक झाला. सुताच्या गिरणीतून इथपर्यंत.

इथे या गोष्टीत दुसरा एक माणूस येतो. १८५१ मध्ये ब्र्युनच्या मठातून एक साधू या संस्थेत शिकायला आला. मास्तरकीच्या परीक्षेत नापास झाला होता म्हणून मठाने त्याला शिकायला धाडलं होतं. त्याचं नाव ग्रेगॉर मेंडेल. तो डॉप्लरकडे प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकला. पुढे १८५६ च्या सुमारास त्याने मठाच्या बागेत वाटाणे लावले, हजारो रोपं मोजली आणि आनुवंशिकतेचे नियम काढले, ते आपण दहावीपासून वाचतो. मेंडेलने वाटाण्याआधी मठातल्या खोलीत पांढरे आणि करडे उंदीर पाळले होते आणि वरिष्ठांना ते न रुचल्याने सोडून दिले, असंही सांगितलं जातं. खरं असेल तर मजाच आहे, कारण गुरू आणि शिष्य पुढे उंदरातच भेटणार होते.

डॉप्लरला त्या खुर्चीवर तीन वर्षंही मिळाली नाहीत. १८५२ मध्ये व्हिएन्नाच्या अकादमीत योझेफ पेट्झवाल त्याच्यावर तुटून पडला. पेट्झवाल साधासुधा नव्हता. कॅमेऱ्याचं पहिलं चांगलं पोर्ट्रेट लेन्स त्याने काढलेलं. त्याचा आक्षेप असा की निसर्गाचे मोठे नियम डिफरन्शिअल इक्वेशनमधूनच निघतात, अशा चार ओळींच्या भागाकारातून नव्हे. त्याने स्वतःचं एक प्रमेयही पुढे केलं, कंपनाचा काळ बदलत नाही असं. ते प्रमेय त्याच्या जागी बरोबर होतं, पण ते माध्यम वाहतं असतानाचं. लाट सोडणारा किंवा मोजणारा हलतो तेव्हाचं नव्हतं. दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडत होते आणि सभेचा कल जड गणितवाल्याकडे गेला. डॉप्लरच्या अंगात तोवर भांडण चालवायचं त्राण उरलं नव्हतं. फुप्फुसाचा आजार बळावला होता. नोव्हेंबर १८५२ मध्ये तो हवापालटासाठी व्हेनिसला गेला आणि १७ मार्च १८५३ रोजी तिथेच वारला. वय एकोणपन्नास. १८६० मध्ये अर्न्स्ट माखने प्रयोग करून हा वाद डॉप्लरच्या बाजूने सोडवला. १८६८ मध्ये विल्यम हगिन्सने व्याधाच्या ताऱ्याच्या प्रकाशातली रेघ किती सरकली ते मोजून ताऱ्याचा वेग काढला. रंग नव्हे, रेघ. तेवढा बदल केल्यावर ताऱ्यांनाही डॉप्लर लागू पडला.

पण हा निबंध कुठे कुठे जाईल याची डॉप्लरला कल्पना असणं शक्यच नव्हतं. हवामान खात्याचं नागपूरचं रडार डॉप्लरचं. हायवेवरची स्पीड गन डॉप्लरची. नावेतून आवाज पाण्यात सोडून नदीचा प्रवाह मोजायचं यंत्रही डॉप्लरचंच, ते गाळाच्या कणांवरून उलटणारा आवाज मोजतं. जुलै २०२२ च्या पुरात सिरोंचा तालुक्यात गावंच्या गावं पाण्याखाली गेली. एवढ्या नदीत किती पाणी किती वेगाने जातंय हे कळणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

नदीतल्या गाळाच्या जागी रक्तातल्या लाल पेशी धरा, की आपण हृदयात पोचलो. १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर हा डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हा फिजिक्सवाला यांनी धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र उसनं आणून माणसाच्या छातीला लावलं आणि हृदयाची हालचाल पाहिली. मेकॅनिकलवाल्यांनो, आपली एनडीटी ती हीच! (हा हर्ट्झ म्हणजे ज्याच्या नावाने आपण फ्रिक्वेन्सी मोजतो त्याच घराण्यातला, त्याच्या पुतण्याचा मुलगा.) त्याच दशकात जपानमध्ये ओसाकाला शिगेओ सातोमुराने छातीवरून आवाज सोडून परत येणाऱ्या आवाजाच्या फ्रिक्वेन्सीतला फरक टिपला. १९५७ मध्ये त्याचा निबंध छापून आला. अडीच मेगाहर्ट्झचा आवाज सोडला आणि रक्त सेकंदाला एक मीटर वेगाने समोरून येत असलं, तर फरक पडतो सुमारे सव्वातीन हजार हर्ट्झचा. हा फरक थेट आपल्या कानाला ऐकू येण्याजोगा. म्हणून टूडी-इकोच्या खोलीबाहेर बसलेल्या नातेवाइकांना आतून तो फस्स-फस्स आवाज ऐकू येतो. ते रक्त नव्हे, डॉप्लरची वजाबाकी ऐकू येत असते.

पुढची पायरी फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरातली आहे. १९७० च्या दशकात नॉर्वेतल्या डॉक्टरांनी बर्नुलीचं समीकरण झडपेला लावलं. अरुंद झडपेतून रक्त वेगाने उडतं, तो वेग डॉप्लरने मोजायचा, त्याचा वर्ग करायचा आणि चारने गुणायचं. झडपेच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक मिलिमीटर पाऱ्यात हाती येतो. हा चार आला कुठून? रक्ताची घनता घनमीटरला सुमारे १०६० किलो, तिची निम्मी ५३०, आणि एक मिलिमीटर पारा म्हणजे साधारण १३३ पास्कल. भागून बघा. पूर्वी यासाठी मांडीच्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी घालावी लागे.

मग उंदीर कशाला? तर हृदय निकामी कसं होतं हे माणसावर बिघाड घडवून पाहता येत नाही. उंदराच्या महाधमनीभोवती धागा बांधून ती सुईच्या जाडीएवढी अरुंद करता येते आणि हृदय आठवड्या-आठवड्याने कसं जाड होतं, मग कसं थकतं हे बघता येतं. उंदराचे जीन बदलता येतात. हे काम नियमांच्या चौकटीत, भूल देऊन आणि समितीच्या परवानगीने करायचं असतं. आणि ते नजरेआड करू नये, कारण जीव लहान असला तरी जीवच आहे. एकच उंदीर न मारता पुन्हा पुन्हा तपासता येतो, हाही अल्ट्रासाउंडचा मोठा फायदा.

पण उंदराचं हृदय मोजणं म्हणजे इंजिनीअरची परीक्षा. हृदय वाटाण्याएवढं. (पुन्हा वाटाणा!) भिंत एक मिलिमीटरच्याही आत. माणसाच्या मशीनमधल्या अडीच मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबीच सुमारे ०.६ मिलिमीटर, तिला ही भिंत दिसणार कशी? म्हणून तीस-चाळीस मेगाहर्ट्झपर्यंत जावं लागतं. हा आवाज शरीरात सेंटिमीटरभरातच विरतो, पण उंदीर त्याहून खोल नसतोच. खरी अडचण वेळेची. उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं, म्हणजे एक ठोका शंभर मिलिसेकंदांत आटोपतो. आणि एवढ्याशा हृदयातून निघणारं रक्तही महाधमनीत सेकंदाला मीटरभर वेगानेच धावतं, जवळपास माणसाइतकंच!

आता हिशेब करा. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर. माणसाची छाती पंधरा सेंटिमीटर खोल पाहायची तर आवाजाने जाऊन-येऊन तीस सेंटिमीटर जायचं, वेळ लागतो सुमारे १९५ मायक्रोसेकंद. म्हणजे सेकंदाला पाच हजारच रेघा. एका चित्राला शंभर रेघा लागल्या तर सेकंदाला पन्नास चित्रं. उंदराच्या एका ठोक्याला त्यातली पाच मिळतील. झडप कधी उघडली आणि कधी मिटली, पत्ताच लागायचा नाही. उंदीर उथळ असल्याने रेघा भराभर काढता येतात, तरी रेघ-रेघ करून चित्र भरायला वेळ जातोच. बरीच वर्षं लोक ईसीजीच्या आधाराने कित्येक ठोक्यांचे तुकडे जोडून एक ठोका तयार करायचे. पण ठोके सारखे नसले, हृदय आजारी असलं, तर तीच पंचाईत. आणि आजारी हृदयच तर पाहायचं असतं.

मग पॅरिसमधल्या माथिआस फिंक यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या शेवटापासून वेगळी वाट धरली. अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा झोत फिरवून वस्तू शोधण्याऐवजी एकदम ट्यूबलाइट लावायची. प्रोबच्या सगळ्या घटकांतून एकाच वेळी सपाट लाट सोडायची, परत येणारा आवाज सगळ्या घटकांवर एकदम झेलायचा आणि चित्र कॉम्प्युटरमध्ये जुळवायचं. एका लाटेत आख्खं चित्र. दोन-चार कोनांतून लाटा सोडून त्यांची बेरीज केली की चित्र साफही होतं. अशी सेकंदाला हजारो चित्रं मिळतात. याला लागणारी गणनशक्ती स्वस्तात मिळाली ती व्हिडिओ गेमसाठी बनलेल्या ग्राफिक्स कार्डांमुळे, तेव्हा हॉस्टेलच्या एलएएन-वीरांनी थोडं श्रेय घ्यायला हरकत नाही. डॉप्लरचंही बंधन आहेच. वीस मेगाहर्ट्झला मीटरभर वेगाचा फरक पडतो सव्वीस हजार हर्ट्झचा. तो न चुकता मोजायचा तर सेकंदाला बावन्न हजारांवर वेळा लाट सोडायला हवी, नाहीतर सिनेमातलं बैलगाडीचं चाक जसं उलटं फिरताना दिसतं तसं रक्त उलटं वाहताना दिसतं. सेंटिमीटरभर खोलीला वरची मर्यादा आहे सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे जेमतेम बसतं.

हे सगळं सिरोंच्यापासून फार लांबचं वाटेल. तसं ते नाही. सिकलसेल हा शब्द गडचिरोली-चंद्रपुरात कुणाला समजावावा लागत नाही. लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात. वारसा अगदी मेंडेलच्या हिशेबाने चालतो : आई-वडील दोघंही नुसते वाहक, स्वतः धडधाकट, तरी प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता चारात एक. १९९७ मध्ये अमेरिकेत माणसाचा सिकल हिमोग्लोबिनचा जीन असलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या हृदयावर अल्ट्रासाउंड धरून पाहिल्यावर २०१६ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की असं हृदय आकुंचन बरं पावतं, पण दोन ठोक्यांच्या मधे ते नीट सैल पडत नाही, ताठरतं, आणि रक्त भरून घ्यायला कमी पडतं. हे शंभर मिलिसेकंदांच्या ठोक्यातल्या एका तुकड्यात घडतं. वेगवान चित्रांचा आटापिटा तो याच्यासाठी.

माणसांत तर डॉप्लरचा उपयोग याहून थेट आहे. सिकलसेलच्या लहान मुलांना लकवा होऊ शकतो, मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद होतात म्हणून. वाहिनी अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो, अगदी झडपेसारखंच. कानाच्या पुढे कानशिलावर दोन मेगाहर्ट्झचा प्रोब धरायचा आणि वेग मोजायचा. सेकंदाला दोनशे सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर मूल धोक्यात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अशा मुलांना नियमित रक्त चढवल्यावर लकव्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं. सुई नाही, भूल नाही, किरणोत्सर्ग नाही, पाऊण तासात काम. सोडलेली आणि परत आलेली फ्रिक्वेन्सी यांची वजाबाकी, १८४२ ची.

सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास. आलापल्लीपर्यंतचा रस्ता पावसाळ्यात कसा असतो ते त्या एसटीत बसलेल्याला विचारा. आजारी पोराला घेऊन एवढा प्रवास, वर मजुरीचा दिवस बुडालेला. आता हे मशीन बॅगेत मावण्याएवढं झालंय, तेव्हा पोराने जिल्ह्याला जाण्याऐवजी मशीनने आश्रमशाळेत यायला तांत्रिक अडचण काहीच नाही. अडचण आहे ती प्रोब धरणाऱ्या हाताची. कानशिलाच्या हाडातून आवाज आत जाईल अशी खिडकी नखाएवढी असते, ती शोधायला सराव लागतो. आणि लाट रक्ताच्या दिशेशी कोन करून गेली तर वेग कमी दाखवला जातो, धोक्यातलं मूल ठीक म्हणून घरी जातं. प्रोब थोडा थोडा कलवत, आवाज जिथे सगळ्यात उंच चढेल ती जागा कानाने हेरायची असते. त्या कामाला बाइस बॅलटने रुळाकडेला उभे केले होते तसे कान लागतात, आणि असे कान तयार करायला काही महिने तरी शिकवावं लागतं.